अंगातलं वारं आणि कमरेतली सुई

तोंडावर अचानक लाली चढते, छाती धडधडते, अंग थरथरतं आणि मग संडास गाठेपर्यंत जीव जातो, असं तुम्हाला वरचेवर होत असेल तर हे वाचा. होत नसेल तर तुम्ही सुखी आहात, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी काशीदच्या अलीकडच्या एका गावात राहते. समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांसाठी घरच्या पडवीत खानावळ चालवते. सुरमई, कोळंबी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मला औषधांची नावं विचारू नका. मला काय झालं आणि ते कळायला तीन वर्षं का लागली, एवढंच सांगते.

थोडक्यात सांगायचं तर माझ्या आतड्यात गाठ होती, आणि गावाला माझ्या अंगात देवी दिसत होती. मला जगायचं होतं. घराला देवी हवी होती. दोन्ही एका अंगात राहणं जमणारं नव्हतं.

*

पहिल्यांदा झालं ते गावदेवीच्या जत्रेत. चैत्रातला उकाडा, देवळात मुंगी शिरायला जागा नाही, ढोल कानाशी. दुपारी मी सुक्या सोड्यांचा झणझणीत रस्सा पोटभर खाल्ला होता. आरती सुरू झाली आणि कानशिलं तापली. गाल, गळा, छाती, सगळं लालबुंद. श्वासाला शिट्टी लागली. मी खांबाला धरून थरथरत उभी राहिले. मला वाटलं, हार्ट अटॅक आला.

माझ्या सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी मला बघितलं आणि आनंदानं किंचाळल्या, "वारं आलाय! माझ्या सुनेला वारं आलाय!"

हे परगावच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे देवी अंगात येते त्याला वारं म्हणतात, आणि ज्याच्या अंगात येते तो देवीचं झाड. सासूबाई स्वतः वीसेक वर्षं झाड होत्या. सगळा गाव त्यांच्या पाया पडायचा. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांच्या अंगात कधी काही आलं नाही. आमच्या घरचा नियमच आहे, झाडाला सुई लागू द्यायची नाही. सुई लागली की वारं उठून जातं. एका डोळ्यापायी देवी गेली, हे सासूबाई दुसऱ्या डोळ्यानं रडत सांगायच्या. त्यांचा मान खालच्या आळीतल्या एका बाईकडे गेला होता. तो आता माझ्या लाल तोंडावर बसून परत आला.

मंगळवारी आणि शुक्रवारी माणसं यायला लागली. मी पाटावर बसायची, समोर धूप, ढोलकी, गर्दी. थोड्या वेळानं लाली चढायचीच. माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, नुसती धापा टाकायची. त्या धापांचा अर्थ सासूबाई सांगायच्या. कुणाच्या होडीवर कुणी करणी केली, कुणाच्या सुनेला मूल कधी होणार, सगळं. देवी मुकी, पण दुभाषी भलती बोलकी. मग पोटात कळ यायची आणि मी उठून परसाकडे धावायची. तेव्हा लोक हात जोडून वाट द्यायचे. माझ्या जुलाबांनासुद्धा नमस्कार झालेले आहेत.

मी मानत होते का? हो, मानत होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि सासूबाईंनी मला बसायला पहिल्यांदाच पाट दिला होता.

*

अंग झडत गेलं. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. दिवसातून आठ-दहा वेळा संडास. बायका कौतुकानं म्हणायच्या, "देवी अंग खाते गो." माझी मुलगी प्राजक्ता, आमची प्राजू, तेव्हा बारावीत होती. ती एकटीच म्हणायची, "आई, रक्त तपासून घेऊ या." सासूबाई तिच्या अंगावर धावून जायच्या. सुईचं नाव काढायचं नाही.

पुढे प्राजू अलिबागला नर्सिंगला गेली. एका शुक्रवारी ती घरी असताना माझं पोट दगडासारखं फुगलं. हिरवी उलटी व्हायला लागली. पडवीत माणसं नारळ घेऊन बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "आज देवी कोपलीय, कोनी हलू नका." प्राजूनं कुणाला विचारलं नाही. रस्त्यावर जाऊन रिक्षा आणली, मला उचलून आत टाकलं आणि अलिबाग गाठलं. सोनोग्राफी करणाऱ्या माणसानं पडदा आमच्याकडे वळवला. आतड्याचं राहू द्या, यकृतावर डाग आहेत म्हणाला, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या.

*

पोट जरा उतरल्यावर रेवसहून लाँचनं निघालो. मी, प्राजू आणि माझा नवरा. रस्त्यानं वेळ लागतो म्हणून लाँच धरली, आणि हीच चूक झाली. खाडीतून बाहेर पडल्यावर लाँच हलायला लागली आणि मला कळ आली. लाँचवर जायचं कुठे? मी दात आवळून बसले. मग दात आवळूनही उपयोग झाला नाही.

वास आल्याबरोबर आजूबाजूची माणसं उठली. एक जण म्हणाला, "काय खाऊन येतात कोण जाणे." एकानं मोबाईल काढला. माझा नवरा उठला, पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत समुद्राकडे बघत राहिला. जशी काही आमची ओळखच नव्हती. मंगळवारी ज्या बाईच्या पायाशी हा माणूस दिवा लावायचा, ती मीच.

समोर बुरख्यातली एक म्हातारी बसली होती. सौदीला जाणाऱ्या मुलाला निरोप द्यायला निघाली होती. ती उठली, बॅगेतली चादर काढली आणि एक टोक प्राजूच्या हातात दिलं. दोघींनी माझ्याभोवती आडोसा धरला. मग तिनं पिशवीतून कोरी सलवार काढली. घडी न मोडलेली. मी नको नको म्हणत होते.

"शरम कसली गो?" ती म्हणाली. "अल्लानं सगल्यांना पोट दिलाय."

मी तिचं नावही विचारलं नाही. आजारपणात मला जे दोन-चार माणसांचे हात आठवतात, त्यात तिचा पहिला.

*

हॉस्पिटलात तपासणीसाठी दिवसभराची लघवी एका कॅनमध्ये धरून द्यायची असते. त्याआधी केळं, टोमॅटो, वांगं, काही चालत नाही. कॅन घेऊन मी वऱ्हांड्यात बसायची, लोक बाजूनं डबे घेऊन जायचे. कुणाला कुणाची पर्वा नसते तिथे, ते एका अर्थी बरंच असतं.

एके दिवशी तपासताना मला लाली चढली. शिकाऊ डॉक्टर धावत बाहेर गेला आणि आणखी सात-आठ जणांना घेऊन आला. मी ब्लाऊजची बटणं सोडून पडलेली आणि पोरं-पोरी वाकून बघतायत. "बघ, बघ, गळ्यापर्यंत आलं. पुस्तकात असतं अगदी तसं." एकीनं माझ्या छातीवर बोट दाबून बघितलं की लाली जाते का. कुणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. गावात निदान नारळ तरी द्यायचे.

निदानाच्या दिवशी आम्हाला एका मॅडमनी खोलीत बोलावलं. त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या, पण कळेल असं बोलल्या. म्हणाल्या, आपल्या आतड्यात काही पेशी असतात, त्यांचं काम रस तयार करून रक्तात सोडायचं. संप्रेरकं म्हणतात त्यांना. या पेशींवर निरोप घ्यायच्या जागा असतात. आपण घाबरलो, दमलो, ढोल ऐकून अंगावर काटा आला की नसा निरोप पाठवतात. तो तिथे पोचतो आणि पेशी थोडा रस सोडते. तुमची गाठ याच पेशींची आहे. हिला निरोप पोचला की ही थोडा सोडत नाही, बादलीभर ओतते. म्हणून लाली, म्हणून धडधड, म्हणून जुलाब. दारू, माडी, सुकी मासळी, फार तिखट, यानंही तेच होतं.

"ढोल ऐकून?" मी विचारलं.

"ढोल, भांडण, भीती, काहीही."

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. तो खाकरला आणि त्यानं विचारलं, "मग मॅडम, देवी?"

"कुठली देवी?"

प्राजूनं सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी आला असतात तर बहुतेक एकटी गाठ काढून टाकली असती. आता यकृतात तिची पोरं झाली आहेत. सगळी निघणार नाहीत."

मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग की लगेच लाली चढली, आणि मॅडम म्हणाल्या, "बघा, पोचला निरोप."

मग त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली. त्याच पेशींवर गप्प बसायचा निरोप घ्यायचीही जागा असते. आधी एका स्कॅनमध्ये त्या जागांना चिकटणारं औषध देऊन गाठी कुठे कुठे आहेत ते बघतात. मग महिन्याला एक इंजेक्शन, कमरेत. ते औषध त्या जागांवर बसून राहतं आणि गाठीला महिनाभर गप्प करतं. गाठ वाढतेही हळू. "चुकवलं नाहीत तर पुष्कळ वर्षं जगाल," त्या म्हणाल्या. "चुकवलंत तर मला विचारायला येऊ नका."

*

आतड्याचा तुकडा काढला, पहिली सुई घेतली. ऑपरेशनचं दुखणं मी लिहीत बसत नाही, ते ज्याचं त्याला कळतं. पण त्यानंतरची एक संध्याकाळ सांगते. प्राजूनं कँटीनमधून चहा आणला. मी तो सावकाश, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत बसून प्यायले. मध्ये उठावं लागलं नाही. कितीतरी दिवसांत मी एक कप चहा बसून प्यायले नव्हते. मी रडले ते तेव्हा.

घरी आले तेव्हा सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळला नाही. फक्त विचारलं, "सुई लागली?"

"लागली."

मंगळवारी लोक आले. धूप झाला, ढोलकी झाली, मी पाटावर बसले. काही म्हणता काही झालं नाही. माझे गाल कोरडे ठणठणीत. एक बाई आजारी मूल मांडीवर घेऊन बसली होती, ती माझ्याकडे अशी बघत होती की मीच तिचं काही चोरलंय. सुई लागली की वारं उठतं, हे सासूबाईंचं अगदी खरं निघालं.

त्या दिवसापासून पाट गेला. नवऱ्यानं डॉक्टरांचं सगळं बोलणं घरी सांगितलं होतंच, काय काय खायचं नाही तेही. मला वाटलं, बरं झालं, सासूबाई सांभाळून करतील. तर आमच्या चुलीवर रोज सुकट शिजायला लागली. आमटीत मिरची इतकी की नवराही हाशहुश करायचा. एकदा तर प्रसाद म्हणून माझ्यापुढे माडीचा पेला आला. माझ्याकडे टक लावून बघत बसायच्या, लाली येते का. मी पेला मोरीत ओतला. पुढे मी आपला पेज-भात वेगळा करून घ्यायला लागले. मनुष्य आपल्याच घरात विषाची परीक्षा घेतो म्हणजे काय, ते मी बघितलंय.

जत्रा जवळ आली. नेमकी जत्रेच्या पंधरा दिवस आधी अलिबागला माझी सुई होती.

"एक सुई फुडं ढकल," सासूबाई म्हणाल्या. "सगला गाव बघनार हाय. खालच्या आलीतली बाय नाचंल आनि तू खांबासारखी उभी रवशील? या घराला तोंड ऱ्हाईल का?"

"आणि मी राहीन का?"

नवरा म्हणाला, "एका सुईनं काय मरत न्हाय तू."

दुसऱ्या दिवशी मी अलिबागच्या एसटीसाठी निघाले तर दाराला बाहेरून कडी. जत्रेआधी झाडानं उंबरा ओलांडायचा नाही, हा म्हणे जुना रिवाज. कडी नवऱ्यानं घातली होती, माझा फोनही त्यानंच काढून घेतला होता. मी दार बडवलं. पडवीत पर्यटक जेवत होते. त्यांनी विचारलं, आत कोण आहे? सासूबाई म्हणाल्या, "सून हाय. उपास हाय तिचा." आणि त्यांना आणखी भाकरी वाढली.

आठवड्याभरात जुलाब परत सुरू झाले. मग कानशिलं तापायला लागली. सासूबाईंचा चेहरा उजळला. मला एकच भीती होती. भर जत्रेत लाली चढली तर हे लोक मला पुन्हा कधी सुईजवळ फिरकू देणार नाहीत. देवी परत आली म्हणतील आणि मी पाटावर बसून मरेन.

*

जत्रेच्या दिवशी देवळात मला मध्ये उभी केली. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला नवरा. प्राजू सकाळीच हॉस्टेलवरून आली होती. तिला कडीचं काही माहीत नव्हतं. मी वाटेतच, गर्दीत, दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

ढोल वाजायला लागले. कापूर पेटला. मी मनात म्हणत होते, नको, आत्ता नको. पण नसांना कोण सांगणार? निरोप गेला. कानामागे आग सुरू झाली. प्राजू समोर उभी होती. तिनं माझ्या गळ्यावरची लाली वर चढताना बघितली, आणि तिनं डोक्याची क्लिप ओढून फेकली.

ती किंचाळली आणि माझ्यासमोर जमिनीवर कोसळली. केस मोकळे, डोळे पांढरे, मान गरागरा. सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. "पोरीला आलाय! पोरीला आलाय!" माझं तोंड जळत होतं, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मी तिच्यापाशी गुडघ्यावर बसले आणि तिच्या गालाला हात लावला. गाल थंडगार होता.

"हिला दूर करा!" प्राजू ओरडली. तो आवाज तिचा नव्हता. निदान मी ओळखत होते तो नव्हता. "हिला मी सोडली. आता पोर धरली. हिला सुई लावा. उद्याच्या उद्या. हिची सुई ज्यानं अडवली त्याच्या दारात मी दिवा ठेवनार न्हाय!"

नवरा पांढरा पडला. सासूबाईंनी आपल्या नातीच्या पायावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं स्वतः मला अलिबागला नेलं आणि सुई झाली.

घरी आल्यावर मी प्राजूला आत घेतलं आणि म्हटलं, "आता बास. लोकांना सांगून टाक." ती केस विंचरत होती. म्हणाली, "आई, सांगितलं की तुला परत कोंडतील. दोन-तीन महिने करते. मग आपोआप विसरतील."

आमचं गाव काही विसरत नाही. मंगळवारी पाट मांडला, शुक्रवारी मांडला. लोक वाढले, कारण ही देवी बोलते. आणि झाडाला सुई लागू द्यायची नाही, तशी झाडानं सुई हातातही धरायची नाही. आमच्या घरचा नियम. तिचं नर्सिंग दुसऱ्या वर्षाला सुटलं. मी भांडले, पोलिसात जाईन म्हटलं. तीच म्हणाली, "आई, तू तुझी तारीख सांभाळ." हल्ली ती खोटं करते की खरं, मला कळत नाही. मी गालाला हात लावायला गेले की ती तोंड फिरवते.

तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल तर आधी डॉक्टरकडे जा, आणि जाताना घरात विचारू नका. आजार कळला तर औषध आहे. चुकवलं नाही तर माणूस जगतो, मी जगतेय. आता माझी सुई कुणी अडवत नाही. तारीख आली की सासूबाईच सकाळी हाक मारतात, "ऊठ गो, देवीचा हुकूम हाय."

मागच्या खेपेला सुई द्यायला नर्सिंगची एक शिकाऊ मुलगी होती. प्राजूच्याच वर्गातली. मी पालथी झाले. तिनं कमरेवर गार बोळा फिरवला आणि म्हणाली, "काकू, प्राजू कधी येणार हो परत? आमच्यात सगळ्यात हलका हात तिचा. पेशंट मागून घ्यायचे तिला."

मी तोंड उशीत खुपसलं. तिला वाटलं, सुई दुखली.

"झालं हं काकू," ती म्हणाली. "झालं, झालं."